बोटीच्या आधी तिसरा हप्ता

नमस्कार काका,

आपण एसटीच्या कार्यशाळेत 32 वर्षे मेकॅनिक होता आणि 2 वर्षांपूर्वी निवृत्त झालात. निवृत्तीचे 28 लाख हाती आले. आता लष्कराची एक जुनी फायबरची बोट लिलावात घेऊन, स्वतः दुरुस्त करून, प्रकाशा आणि सारंगखेड्याला तापीच्या पात्रात भाविकांना फिरवण्याचा आपला विचार आहे. त्यातून वर्षाला 4 लाख मिळतील, असा आपला अंदाज आहे. त्यासाठी 3 लाख काढावेत का, असे आपण विचारले आहे. पत्राच्या शेवटी मात्र आपण लिहिता की बँकेत ‘एफडीसारखीच’ म्हणून दिलेल्या विमा योजनेचा 3 लाखांचा तिसरा वार्षिक हप्ता पुढच्या महिन्यात भरायचा आहे. बोटीपेक्षा मला त्या एका वाक्याची काळजी अधिक वाटते.

पत्रासोबतच्या पॉलिसीच्या झेरॉक्सवर हप्ते भरण्याची मुदत स्पष्ट छापली आहे: 12 वर्षे. म्हणजे एकूण 36 लाख, आणि आपली सारी पुंजीच 28 लाखांची होती. दोन हप्त्यांत 6 लाख गेले, 22 लाख उरले आणि अजून 30 लाख भरायचे आहेत. पेन्शन जेमतेम 3 हजार असल्याने घर चालते ते याच 22 लाखांच्या व्याजावर. हप्ते भरत राहिलात तर सात-आठ वर्षांत मुद्दलही संपेल आणि व्याजही. त्याच झेरॉक्सवर आपले वार्षिक उत्पन्न 9 लाख लिहिले आहे. हा आकडा आपण सांगितलेला नसेल, तर निवृत्त माणसाच्या अर्जात तो भरणाऱ्याने आपली उघड फसवणूक केली आहे, आणि तक्रारीसाठी याहून चांगला पुरावा नाही.

तिसरा हप्ता भरू नका. बँकेला आणि विमा कंपनीला लेखी तक्रार देऊन पोच घ्या. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा, तिथे शुल्क लागत नाही. पूर्ण दोन हप्ते भरलेले असल्याने पॉलिसी पेड-अप (पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू) ठेवता येते किंवा सरेंडर करता (मुदतीआधी बंद करून पैसे घेता) येते, पण सरेंडरवर हमीचे म्हणून भरलेल्या हप्त्यांचे किमान 30 टक्के, म्हणजे सुमारे 1 लाख 80 हजारच मिळतात. त्यापेक्षा अधिक किती मिळेल, ते कंपनीकडून लिहून घ्या आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत सरेंडरच्या कागदावर सही करू नका.

उरलेल्या 22 लाखांपैकी 15 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. सध्याच्या 8.2 टक्के दराने दर तिमाहीला 30,750 रुपये येतील. 4 लाख आजारपणासाठी बँकेतच राहू द्या. मग 3 लाख उरतात, आणि बोटीचा प्रश्न खरे तर इथून सुरू होतो.

ही बोट घेऊ नका. लिलावातला माल ‘जसा आहे, जिथे आहे’ याच अटीवर मिळतो, त्यामुळे उचलल्यानंतर तक्रारीला जागा नसते. बोली 1 लाख 80 हजार, त्यावर जीएसटी, क्रेन, मुंबईहून ट्रेलर, मग आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून अडकवायचे) इंजिन आणि डागडुजी धरली, तर हिशेब 6 लाखांच्या पुढे जातो. आपल्या फोटोत मागच्या बाजूला, इंजिन अडकवण्याच्या बोल्टांखाली, तपकिरी ओघळ दिसतात. तिथे फायबरच्या आत बहुधा प्लायवुड असते आणि ते कुजले की हातोडी मारल्यावर टणक नव्हे, तर बद्द आवाज येतो. ते सारे कापून नवे बसवणे हे पहिल्यांदाच हात घालणाऱ्याचे काम नव्हे, मग इंजिनावर त्याचा हात कितीही बसलेला असो.

आपण धरलेली वर्षाला 4 लाखांची कमाईही मला दिसत नाही. सारंगखेड्याची गर्दी दत्तजयंतीच्या यात्रेपुरती असते, पावसाळ्यात बॅरेजचे (नदीवरच्या बंधाऱ्याचे) दरवाजे उघडतात आणि उन्हाळ्यात पाणी उतरते. शिवाय प्रवासी बसवायचे तर 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार बोटीची तपासणी, नोंदणी आणि विमा लागतो, चालवणाऱ्याला प्रमाणपत्र लागते, आणि पाटबंधारे खात्याची परवानगी वेगळी.

आपली हौस मात्र खरी आहे आणि ती मोडावी असे मला वाटत नाही. 50 हजारांच्या आत एखादे जुने आउटबोर्ड इंजिन घ्या. विकत घेताना खालच्या गिअरबॉक्सचे तेल थोडे सोडून पाहा. ते दुधाळ असेल तर आत पाणी शिरले आहे, म्हणजे सील गेले आहे. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे चक्र) बदला, आणि घरच्या अंगणात पाण्याने भरलेल्या पिंपात ते इंजिन चालवून पाहा. लिलावाची बोली मात्र भरू नका, आणि पॉलिसीचा हप्ता खात्यातून आपोआप वळता होत असेल तर या आठवड्यातच बँकेत अर्ज देऊन तो थांबवा.