नाष्ट्याचं दुकान काढताय? आधी कॉफी जमवा

पुण्यात पोहे गल्लोगल्ली मिळतात. चांगली फिल्टर कॉफी त्यामानाने कमी, म्हणून आधी तिच्यावर मेहनत घ्या.

कॉफी पावडर २० टक्के चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) मिसळलेली घ्या. फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक भोकं. वरच्या भांड्यात २० ग्रॅम पावडर टाकून चकतीने हलकेच सपाट करा आणि नुकतंच उकळलेलं १५० मिली पाणी गोल फिरवत ओता. साधारण १५ मिनिटांत अर्क उतरतो. दोन-तीन मिनिटांतच उतरला तर पावडर सैल राहिली, कॉफी पांचट लागणार. अर्ध्या तासानंतरही थेंबथेंबच येत असेल तर पावडर जास्त दाबली गेली किंवा भोकं बुजलीत. फिल्टर रोज रात्री ब्रशने घासाच. अर्क पुन्हा उकळू नका, कडवट होतो. उकळायचं ते दूध, तेही सायीचं. एका कपाला ३० मिली अर्क, ९० मिली दूध.

पोहे जाडेच. चाळणीत धुऊन १० मिनिटं निथळू द्या. पाण्यात भिजत ठेवले की लगदा. मीठ-साखर पोह्यांना चोळा, हळद फोडणीत. एकदम दोन किलोंचा घाणा काढू नका. पोहे कोरडे पडतात, मग पाण्याचा हबका मारला की चव गेलीच. अर्ध्या किलोचा घाणा पुरे, खोबरं-कोथिंबीर वाढताना.

पेपर वाचत बसलेल्या आजोबांना गर्दीतही उठवू नका. घाईवाल्यांसाठी बाहेर उभ्याने खायला एक कट्टा करा.