बालवाडीचं अंगण नक्की करा ताई, पण सोनं ठेवून नको

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. संगमनेरजवळ घरातच बालवाडी चालवतात, 22 मुलं, फी महिना 1,500. गावाच्या कडेला मिस्टरांच्या मामांची 9 गुंठे जागा पडून आहे, तिथे मुलांना झाडाखाली, मातीत शिकता येईल असं अंगण करायचंय. मामा महिना 4,000 भाडं म्हणतायत. कोटेशन आलंय 8 लाखांचं, त्यासाठी 5 लाखांची एफडी मोडायची, 3 लाखांचं गोल्ड लोन काढायचं. मुलगी दहावीत, घरखर्च महिना 35,000, बाकी शिल्लक काही नाही.

ताई, कल्पना मनापासून पटली. साडेतीन वर्षांचं पोर टाइल्सवर बसून एबीसीडी गिरवताना बघितलं की मलाही वाईट वाटतं. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी 1945 ला डहाणूजवळच्या बोर्डीत काम सुरू केलं, पुढे त्या कोसबाडला गेल्या, आदिवासी पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरवली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, आणि शिकवायला काय तर बिया, पानं, खडे, जे आजूबाजूला मिळेल ते. म्हणून तुमच्या कोटेशनमधला 2 लाख 60 हजारांचा खेळण्यांचा सेट मी सगळ्यात आधी खोडला.

आता हिशोब. तुम्ही लिहिलंय की बालवाडीतून सगळं जाऊन 13,000 उरतात, त्यातून लोन फिटेल. पण ते 13,000 तर तुम्हाला आजही मिळतायत ना, आणि ते घरात खर्चही होतायत, त्यामुळे नवीन जागेची कमाई म्हणजे फक्त नवीन येणाऱ्या मुलांची फी. समजा पहिल्या वर्षी 8 मुलं वाढली, म्हणजे 12,000 आले, त्यातून भाडं 4,000 आणि अजून एका मावशींचा पगार 6,000 गेला की हातात राहिले 2,000. गोल्ड लोनचं व्याज 10 टक्के धरलं तरी 3 लाखांवर महिन्याला 2,500 होतात, म्हणजे नुसतं व्याजही निघत नाही, मुद्दल तर लांबच. आणि मे महिन्यात फी येत नाही, पगार मात्र द्यावेच लागतात. त्यामुळे गोल्ड लोन नको, यावर मी ठाम आहे.

त्याहून मोठी काळजी जागेची आहे. मामांनी शब्द दिलाय हे ठीक, पण सातबारा काढून बघा, त्यावर त्यांच्या भावा-बहिणींची नावं असतील तर सगळ्यांच्या सह्या लागतील. शेतजमीन लेखी भाड्याने द्यायला लोक कचरतात, कूळ लागेल, म्हणजे घेणारा पुढे जमिनीवर हक्क सांगेल, अशी भीती असते, आणि ती भीती खोटी नाही. म्हणून वकिलाकडून करार नीट लिहून घ्या, निदान 5 वर्षांचा, दुय्यम निबंधकांकडे रजिस्टर केलेला, आणि तहसीलमध्ये एनएचं, म्हणजे बिगरशेती वापराचं, काय ते विचारा. वकिलाच्या फीवर अजिबात काटकसर करू नका. 1 लाख 50 हजारांची बोअर आणि 1 लाख 80 हजारांची फरशी-शेड हे दुसऱ्याच्या जमिनीत गाडलेले पैसे आहेत, उठायला सांगितलं तर यातलं काहीच काढून नेता येत नाही.

मी असं करेन: 9 ऐवजी 4 गुंठेच घ्या, चिंच आणि आंबा असलेला भाग, सावली फुकट मिळेल, भाडंही कमी करून मागता येईल. कुंपणाचं कोटेशन 1 लाख 40 हजार आहे, जागा निम्म्याहून कमी झाली तरी कुंपण तेवढं कमी होत नाही, साधारण दोन तृतीयांश लागतंच, म्हणून 95,000 धरा. टॉयलेट 70,000, ते पक्कंच हवं, लहान मुलं आहेत. पाण्याची टाकी 15,000. वाळूचा हौद, बांबू, जुने टायर, मातीचे ढीग, जुनी भांडी याला 20,000. झाले 2 लाख.

आणि घाई नको. एफडीची मुदत नोव्हेंबरमध्ये संपतेय म्हणता, आत्ता मोडली तर दंड बसेल, आणि पावसाळ्यात कुंपणाचे खांबही नीट बसत नाहीत. तोवर पावसात जागेवर जाऊन पाणी कुठे साचतं, चिखल कुठे होतो ते बघून ठेवा, हौद कुठे करायचा ते कळेल. करार झाला तर शेवगा, कढीपत्ता याच पावसात लावून टाका. गुंजेचा वेल, कण्हेर, धोतरा, एरंड असेल तर मुळासकट काढा. गुंजेची लाल-काळी बी इतकी देखणी असते की पोरं हमखास तोंडात घालतात, आणि ती विषारी आहे.

नोव्हेंबरमध्ये 2 लाख काढले की 3 लाख उरतात. त्यातले 2 लाख 10 हजार म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च, त्याला हात लावायचा नाही, परत एफडीत टाका. उरलेले 90,000 मुलीच्या अकरावीसाठी, तेही वेगळ्या एफडीत, म्हणजे एक मोडावी लागली तरी दुसरी शाबूत राहते. मुलांचा अपघात विमाही घ्या, तो खर्च फीमध्येच धरा.

बोअर, शेड वगैरे मुलं 35 च्या वर गेली की बघू. आधी मामांशी बोला, सातबाऱ्यावर किती नावं निघतात ते कळवा, मग कराराची मुदत आणि भाडं किती धरायचं ते परत बसून ठरवू.