स्टॉकहोममधला डिसेंबर आणि पावणेतीनचा सूर्यास्त

जानेवारीत पुण्याहून स्टॉकहोमला यायचंय, सोबत चार वर्षांची मुलगी आहे, आणि दुपारी तीनला अंधार पडतो हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. खरं आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास इथे सूर्य ८:४३ ला उगवतो आणि २:४८ ला मावळतो. सहा तासांचा दिवस. पुण्यात तेव्हा अकरा तासांचा असतो. शिवाय भरदुपारीही सूर्य क्षितिजाच्या जेमतेम सात अंश वर. समोर पाच मजली इमारत असली की दक्षिणेकडच्या खिडकीतही ऊन येत नाही. म्हणून घर बघताना भाडं आणि मेट्रोच्या आधी समोर काय आहे ते बघा. जाहिरातीतल्या फोटोतल्या उन्हावर तर मुळीच जाऊ नका, ते जूनमधलंही असू शकतं.

सर्वांत लवकरचा सूर्यास्त मात्र २१ तारखेचा नाही, तो त्याच्या काही दिवस आधीच होऊन जातो. उलट सूर्योदय महिनाअखेरपर्यंत लांबतच राहतो. पृथ्वीचा कललेला आस आणि लंबवर्तुळाकार कक्षा यांमुळे त्या दिवसांत मध्यान्ह, म्हणजे सूर्य सर्वांत वर असतो ती वेळ, रोज अर्ध्या मिनिटाने उशिरा होत जाते. त्यामुळे जानेवारीत आधी संध्याकाळ सुधारते, सकाळ रेंगाळते. संक्रांतीला सूर्यास्त ३:२० च्या आसपास गेलेला असतो, पण मुलीला शाळेत सोडायला निघाल तेव्हा अंधारच असेल. तिच्या जॅकेटला रिफ्लेक्टर लावा. इथे मोठी माणसंही लावतात. थंडीचे कपडे पुण्यात घेऊ नका. इथल्या बालवाड्या मुलांना बर्फातही बाहेर खेळायला नेतात, त्यासाठीचे जाड ओव्हरऑल इथेच नीट मिळतात.

माझ्या मते जानेवारी वाईट नाही. खरा जीव खातो तो नोव्हेंबर: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, आभाळ भरलेलं आणि उजेड परतवायला बर्फही नाही. डिसेंबरात निदान खिडक्याखिडक्यांत ॲडव्हेंटचे, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांतले दिवे आणि कागदी चांदण्या लागतात, १३ ला लुसिया हा दिव्यांचा सण असतो. ऑफिसात डबा टेबलावर खायचा आणि दुपारी बाहेर पडायचंच नाही, ही आपली सवय मात्र मोडा. सूर्य भेटला तर तेव्हाच भेटणार. ड जीवनसत्त्वाचं डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि हो, गडद पडदे मेपर्यंत लावून टाका. जूनमध्ये पहाटे साडेतीनला सूर्य उगवतो, मावळतो रात्री दहानंतर. अंधारात झोपणारी मुलगी तेव्हा तुम्हाला झोपू देणार नाही.