‘चावी’ हिंदी नव्हे

एका वाचकाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यातील साष्टी प्रांतात राहणाऱ्या परदेशी पाद्र्याच्या दिनचर्येवर लेख लिहिला आहे. त्यातला पाद्री सकाळी कनवटीची चावी काढून चर्च उघडतो, सुताराकडून दाराची बिजागरी बदलून घेतो, स्वयंपाक्याचा पगार चुकता करतो. संपादकांनी ‘चावी’ हिंदी ठरवून तिथे ‘किल्ली’ लिहिली आणि ‘पगार’ हा इंग्रजी अमदानीतला शब्द समजून ‘वेतन’ घातले. हे बदल योग्य आहेत का, असा प्रश्न आहे.

दोन्ही बदल चुकीचे आहेत, आणि ‘चावी हिंदी आहे’ हे वाक्य तर आता कानांना असह्य झाले आहे. हिंदीत ‘चाबी’ म्हणतात. दोन्ही शब्दांचे मूळ एकच पोर्तुगीज नाम (chave) असून त्यात ‘व’ आहे. तो मराठीने जसाच्या तसा ठेवला, तर हिंदीने त्याचा ‘ब’ केला. जो शब्द मुळाशी अधिक प्रामाणिक आहे, तोच दुसऱ्याकडून उसना घेतलेला कसा ठरेल? शिवाय ‘किल्ली’चा आग्रह धरणारी मंडळी ती ज्यात फिरवतात ते ‘कुलूप’ अरबी ‘कुफ्ल’ आहे, याकडे सोयीस्कर दुर्लक्ष करतात.

पण खरा आनंद ‘व’मध्ये नसून ‘च’मध्ये आहे. आज लिस्बनमध्ये हा पोर्तुगीज शब्द ‘शाव’च्या जवळपास ऐकू येतो, आरंभीचा वर्ण स्पष्ट ‘श’ असतो. सोळाव्या शतकात मात्र तिथेही त्याचा उच्चार ‘च’च होता आणि तो घासून ‘श’ होण्याची क्रिया पुढच्या काळात घडली. म्हणजे लिस्बनने जो ध्वनी गमावला तो मराठी माणूस रोज दार उघडताना उच्चारतो. कोकणीतले टोपीवाचक ‘चेपें’ हेही त्याच जुन्या ‘च’चे अपत्य आहे. पोर्तुगालच्या उत्तर भागात काही ठिकाणी अजूनही ‘च’ ऐकू येतो, म्हणून हा पुरावा निर्णायक नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो मला मान्य नाही. गोव्यात जे रुजले ते एखाद्या खेड्याचे वैशिष्ट्य नसून त्या काळचा सर्वसाधारण उच्चार होता, हेच अधिक सरळ स्पष्टीकरण आहे.

हे शब्द शिपाई आणि व्यापारी यांच्यामार्फत आले, असे ठरावीक उत्तर दिले जाते. निदान ‘चावी’पुरते तरी मी ते स्वीकारत नाही. शिपायाची नेमणूक बदले, व्यापारी गलबताबरोबर निघून जाई. पाद्री मात्र गावात राही. जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि १६१९ मध्ये तिथेच वारले; मधली चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टीत काढली. जन्माने ते इंग्रज, संघातील सहकाऱ्यांशी व्यवहार पोर्तुगीजमध्ये आणि गावकऱ्यांशी कोकणीत. १६१६ मध्ये छापलेल्या आपल्या ‘ख्रिस्तपुराणा’त त्यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा इथलाच शब्द योजला, कारण धर्म सांगताना श्रोत्याला कळणे महत्त्वाचे होते. घरातल्या कामांत अशी काळजी कोण घेणार? दोन पाद्री आपसांत जे बोलत तेच दाराशी उभ्या असलेल्या गड्याच्या कानी पडे आणि तोच शब्द तो घरी नेई. पाद्र्यांचे शब्द मराठीत आले ते व्यासपीठावरून कमी आणि स्वयंपाकघर, सुतारकाम व बाजारहाट यांतून अधिक, असे माझे ठाम मत आहे.

त्यातही चावीचे स्थान वेगळे होते. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने पवित्र प्रसाद आणि अभ्यंगाचे तेल कुलूपबंद ठेवण्याचा दंडक घातला होता. त्यामुळे पाद्री मिस्सेची तयारी करो, आजाऱ्याच्या घरी प्रसाद घेऊन जावो, की सायंकाळी दारे लावो, त्याच्या हाती ही वस्तू असेच. ती कुठे ठेवली, कोणी नेली, परत केली का, ही विचारपूस ज्या घरात सतत होते तिथला शब्द नोकराचाकरांच्या जिभेवर बसणे अगदी स्वाभाविक आहे. कोशकार शब्दापुढे ‘पोर्तुगीज’ एवढेच लिहून मोकळे होतात. तो कोणत्या दाराने आला, याचा शोध घेण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली आहे. मोन्सिन्योर सेबास्तियाव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९१३ मध्ये आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा ग्रंथ सिद्ध केला. ते स्वतः गोव्याचे आणि स्वतः पाद्री. त्यांच्या कामापुढे आपले हे शेरे फारच तोकडे आहेत.

‘पगार’बद्दल थोडक्यात. पोर्तुगीजमध्ये हे नाम नसून ‘देणे, चुकते करणे’ या अर्थाचे क्रियापद आहे. त्याचे नाम आपण केले. त्याचा इंग्रजी अमदानीशी संबंध नाही आणि साष्टीतल्या स्वयंपाक्याच्या संदर्भात तो पूर्णपणे शोभतो. तेव्हा वाचकाने दोन्ही शब्द परत घालावेत. ‘बिजागरी’ संपादकांच्या नजरेतून सुटली हे बरे झाले, कारण तीही पोर्तुगीजच आहे.