स्क्रम टीममध्ये बीएचं काम काय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न वेगवेगळ्या लोकांचे असले तरी बहुतेकांमागचा गोंधळ एकच आहे. टीम ॲजाइल झाली, म्हणजे थोडं थोडं सॉफ्टवेअर करून दाखवत पुढे जाऊ लागली, आता बिझनेस ॲनालिस्टने (बीए, म्हणजे व्यवसायाची गरज समजून ती टीमपुढे मांडणारा) नेमकं करायचं काय? प्रत्येकाला वेगळं पत्र लिहिण्यापेक्षा इथे एकत्र उत्तरं देते.

प्रश्न : स्क्रम गाइडमध्ये बीए नाही, म्हणून ॲजाइलमध्ये बीए लागत नाही, असं आमचे मॅनेजर म्हणतात. आम्ही दुसरं काम शोधायचं का?

मॅनेजरांनी गाइड वाचलं आहे का, हे आधी विचारा. स्क्रम ही ॲजाइल कामाची एक पद्धत आणि हे गाइड म्हणजे तिची अधिकृत पुस्तिका. जेमतेम तेरा-चौदा पानं आहेत, तासाभरात वाचून होतात. २०२० च्या आवृत्तीत टीममध्ये तीन जबाबदाऱ्या सांगितल्या आहेत: प्रॉडक्ट ओनर (काय करायचं आणि आधी काय, हे ठरवणारा), स्क्रम मास्टर (टीमला ही पद्धत नीट वापरायला मदत करणारा) आणि डेव्हलपर (प्रत्यक्ष काम करणारे). बीए हे पद त्यात नाही, हे खरं. पण टेस्टर किंवा डिझायनर अशी पदंही त्यात नाहीत आणि म्हणून कुणी टेस्टिंग बंद केलेलं नाही. त्याच गाइडच्या सुरुवातीला स्पष्ट लिहिलं आहे की संशोधक, ॲनालिस्ट, शास्त्रज्ञ असे अनेक जण स्क्रममध्ये काम करतात. ‘डेव्हलपर’ हा शब्द कुणाला वगळण्यासाठी नाही, सोपेपणासाठी वापरला आहे. म्हणजे स्प्रिंटच्या (कामाच्या ठरावीक, छोट्या टप्प्याच्या) कामात हात असलेला बीए टीममध्येच मोजला जातो.

तुमच्या कंपनीत हे पद राहील की नाही, ते मला इथून सांगता येणार नाही. मॅनेजरांना सरळ विचारा, आणि विचारताना पदाचं नाव बाजूला ठेवून कामं पुढे ठेवा: नियम शोधणं, अपवाद पकडणं, स्टोरी (वापरणाऱ्याच्या एका गरजेचं छोटं वर्णन) लहान भागांत फोडणं, डेटाचा अर्थ लावणं. ही कामं उद्यापासून कोण करणार, एवढा एकच प्रश्न विचारा.

प्रश्न : स्टोरी पॉइंट बीएने द्यावेत का?

एकट्याने नाही. स्टोरी पॉइंट म्हणजे कामाच्या आकाराचा अंदाज. ज्यांना काम करायचं आहे, आकार त्यांनीच ठरवायचा.

प्रश्न : डेली स्क्रममध्ये मी रोज नव्या रिक्वायरमेंट समजावून सांगतो. वेळ पुरत नाही.

ती पंधरा मिनिटं टीमने दिवसाच्या कामाची आखणी करण्यासाठी आहेत, रिक्वायरमेंट समजावण्यासाठी नाहीत. रिफाइनमेंटची (पुढच्या स्टोऱ्या एकत्र बसून स्पष्ट करण्याची) वेळ ठरवून घ्या.

प्रश्न : ॲजाइलमध्ये डॉक्युमेंट करायचं नसतं ना? आमच्या टीमने सगळं बंद केलंय, पण नवीन माणूस आला की कुणालाच काही सांगता येत नाही.

‘ॲजाइलमध्ये डॉक्युमेंट नसतं’ हे कुणी कुणाला सांगितलं याचा माग लागत नाही, पण ऐकलेलं मात्र सगळ्यांनी असतं. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी ॲजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यात चालू स्थितीतल्या सॉफ्टवेअरला भारंभार कागदपत्रांपेक्षा जास्त मोल दिलं आहे. शेवटी असंही म्हटलं आहे की दुसऱ्या बाजूच्या गोष्टींनाही मोल आहेच. लोक पहिलं वाक्य पाठ करतात आणि शेवटचं सोडून देतात.

दोनशे पानांचं एसआरएस (सगळ्या गरजांचा सविस्तर दस्तऐवज) लिहून सहीची वाट बघत बसू नका. पण व्यवहाराचे नियम, संज्ञांचे अर्थ, बाहेरच्या सिस्टिमशी होणारी देवाणघेवाण आणि ‘असं का ठरलं’ हे लिहिलेलं असलंच पाहिजे. स्टोरी बंद झाली की तिचं टिकेट (कामाच्या यादीतली नोंद) कुणी पुन्हा उघडत नाही. नियम मात्र पुढे कित्येक वर्षं चालतो, म्हणून तो टिकेटमध्ये पुरून ठेवू नका, वेगळ्या जागी लिहा. तुमचं क्षेत्र बँकिंग, औषधं, विमा यांपैकी असेल तर कोणत्या नोंदी ठेवणं बंधनकारक आहे ते कम्प्लायन्स विभागाला विचारल्याशिवाय एक पानही बंद करू नका.

प्रश्न : स्टोरी किती मोठी असावी?

एका स्प्रिंटमध्ये पूर्ण होऊन तपासता येईल एवढी.

प्रश्न : आमचे प्रॉडक्ट ओनर आठवड्यातून अर्धा तास भेटतात. त्यांचं म्हणणं मी डेव्हलपरना सांगते, डेव्हलपरच्या शंका परत त्यांच्याकडे नेते. उत्तराला तीन-चार दिवस लागतात, म्हणून हल्ली मीच ठरवून टाकते. चुकलं की बोलणी मात्र मला बसतात.

तुमच्या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण मला ज्याची काळजी वाटते तेच तुमच्या टीममध्ये घडतं आहे. बीएचा निरोप्या होतो. सुरुवातीला सगळ्यांना बरं वाटतं: प्रॉडक्ट ओनरचा वेळ वाचतो, डेव्हलपर शांतपणे कोड लिहितात आणि बीएला आपल्यावाचून काही हलत नाही असं वाटतं. मग दोन्ही बाजू एकमेकांशी बोलणंच सोडतात.

माझ्या हातून हे झालेलं आहे. ऑर्डर घेणाऱ्या एका सिस्टिमवर मी काम करत होते. ‘ऑर्डर रद्द करता यावी’ एवढी साधी स्टोरी होती. मी विक्री विभागाशी बोलले, गोदामाशी बोलले, हिशेब विभागाशीही बोलले, पण प्रत्येकाशी वेगवेगळ्या दिवशी. विक्रीच्या लेखी ग्राहकाने नको म्हटलं की ऑर्डर रद्द. गोदामाच्या लेखी माल परत रॅकवर आला की रद्द, आणि हिशेबाच्या लेखी पैसे परत गेले की रद्द. तिघांनी एकच शब्द वापरला, मी तो जसाच्या तसा लिहिला आणि डेव्हलपरने एक स्टेटस तयार केलं. डेमो छान झाला. सिस्टिम चालू झाल्यावर पैसे लगेच परत जाऊ लागले आणि माल ग्राहकाकडेच राहू लागला. ते निस्तरायला तीन स्प्रिंट गेले. ते तिघं आणि एक डेव्हलपर तासभर एका टेबलावर बसले असते तर डेव्हलपरनेच विचारलं असतं, ‘माल वाटेत असताना रद्द केली तर?’ तो प्रश्न मला सुचला नव्हता. ज्याला सुचला असता त्याला मी त्या लोकांपर्यंत पोचूच दिलं नव्हतं.

जाहीरनाम्याबरोबर जी १२ तत्त्वं आहेत, त्यांतलं एक असं: व्यवसायाची माणसं आणि डेव्हलपर यांनी प्रकल्पभर रोज एकत्र काम करावं. बीए हा त्या एकत्र कामाला पर्याय नाही. दोघांना एका ठिकाणी आणणं, बोलणं मुद्द्यावर ठेवणं, संदिग्ध शब्द पकडणं आणि निघालेलं उत्तर उदाहरणासकट लिहून ठेवणं, हे बीएचं काम. स्टोरी म्हणजे कार्ड, संभाषण आणि खात्री, असं जाहीरनामा लिहिणाऱ्यांपैकी एक असलेल्या रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्येच मांडलं होतं. आपल्याकडे कार्ड भरलं जातं आणि मधलं संभाषण गळून पडतं.

आता तुम्ही काय करायचं? या आठवड्यापासून त्या अर्ध्या तासात एक डेव्हलपर आणि एक टेस्टर सोबत न्या. प्रश्न आधी पाठवा आणि प्रत्येक प्रश्नाला एक खरं उदाहरण जोडा. माझ्या वरच्या गोंधळात असं लिहायला हवं होतं: पैसे भरलेली ऑर्डर रवाना झाली आहे, ग्राहकाने ती रद्द केली, तर माल गोदामात स्कॅन होईपर्यंत परतावा प्रलंबित राहावा. असं वाक्य समोर आलं की व्यग्र माणूसही दोन मिनिटांत हो किंवा नाही म्हणतो. ‘रद्दची प्रोसेस काय असावी?’ असं विचारलंत तर चार दिवस लागणारच.

‘मीच ठरवून टाकते’ हे मात्र आजच थांबवा. प्रॉडक्ट ओनर आपलं काम दुसऱ्याकडे सोपवू शकतो, जबाबदारी मात्र त्याचीच राहते. गाइडमध्ये हे स्पष्ट आहे. तेव्हा कोणते निर्णय तुमच्याकडे आहेत ते त्यांच्याकडून लिहून घ्या. स्क्रीनवरच्या सूचनेची भाषा तुम्ही ठरवा. पैसे, ग्राहकाचे हक्क, खाजगी माहिती किंवा कायदा यांना हात लागत असेल तर अजिबात ठरवू नका. प्रत्येक निर्णयाची तारीख, प्रश्न, उत्तर आणि उत्तर देणाऱ्याचं नाव अशी चार रकान्यांची नोंद ठेवा. एवढं करूनही वेळ मिळत नसेल तर स्क्रम मास्टरला सोबत घेऊन प्रॉडक्ट ओनरशी आणि गरज पडली तर प्रकल्पाच्या प्रायोजकाशी बोला. किती स्टोऱ्या उत्तराअभावी किती दिवस अडल्या, तो तक्ता त्यांच्यापुढे ठेवा.

प्रश्न : ‘दोन दिवसांत ॲजाइल बीए, नोकरीची शंभर टक्के हमी’ अशी जाहिरात पाहिली. फी भरू का?

भरू नका. नोकरीची हमी देणाऱ्याच्या हातात नोकरी नसते. ‘फक्त आज रात्रीपर्यंत सवलत’ हाही त्याच धंद्याचा भाग आहे, म्हणजे तुम्ही कुणाला विचारायच्या आत पैसे भराल. आयआयबीए या बीएंच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सीबीएपी या अनुभवी बीएंसाठीच्या परीक्षेला बसायलाच ७,५०० तासांच्या बीए कामाचा अनुभव दाखवावा लागतो. ते दोन दिवसांत मिळत नाही. नवशिक्यांसाठी त्याच संस्थेची ईसीबीए ही परीक्षा आहे. अटी आणि शुल्क संस्थेच्या अधिकृत स्थळावरच तपासा, दलालाच्या पत्रकावर नको. आणि पैसे भरण्याआधी या क्षेत्रात काम करणाऱ्या दोन माणसांना तुमचा बायोडेटा दाखवा.

प्रश्न : एआयकडून स्टोऱ्या लिहून घेतल्या तर चालतील का?

मसुद्यापुरत्या चालतील. नियम बरोबर आहे की नाही हे नियम पाळणाऱ्या माणसाकडूनच तपासून घ्या. ग्राहकांची माहिती किंवा कंपनीची कागदपत्रं त्यात टाकण्याआधी माहिती-सुरक्षा विभागाची लेखी परवानगी हवी.

प्रश्न : फिक्स्ड प्राइस करार आहे आणि क्लायंटला सुरुवातीलाच सगळ्या रिक्वायरमेंटवर सही हवी आहे. आम्ही मात्र स्प्रिंटमध्ये काम करतो.

करारात बदलांविषयी काय लिहिलं आहे ते पाहिल्याशिवाय यावर मत देणं धोक्याचं आहे. आधी करार पाहणाऱ्या वकिलांशी आणि अकाउंट मॅनेजरशी बोला. सही कशावर घ्यायची हे कदाचित बोलून ठरवता येईल: उद्दिष्टं, व्याप्तीची हद्द आणि बदल कसे हाताळायचे यावर, प्रत्येक स्क्रीनच्या तपशिलावर नव्हे.

प्रश्न : एकाच स्टोरीतून टेस्टर आणि डेव्हलपर वेगवेगळा अर्थ काढतात. पाच स्प्रिंट झाले, हे असंच चाललं आहे. रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये विषय काढावा का, की थांबावं?

पाच स्प्रिंट कशासाठी थांबलात? पहिल्याच स्प्रिंटच्या रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये (शेवटी काय सुधारायचं ते बोलायच्या बैठकीत) हे यायला हवं होतं. आता पुढच्या रेट्रोचीही वाट पाहू नका. पुढची स्टोरी हातात घ्यायच्या आधी तुम्ही, टेस्टर आणि डेव्हलपर वीस मिनिटं बसा आणि ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया (स्टोरी पूर्ण झाली असं कधी म्हणायचं याच्या अटी) तिघांनी मिळून लिहा. जिथे तिघांचं उत्तर जुळणार नाही तो प्रश्न त्याच दिवशी प्रॉडक्ट ओनरकडे न्या.