आधी शिंप्याची टेप आण

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. "सर, पोट कमी करायला रोज दोनशे क्रंचेस मारतोय, दोन महिने झाले, पोट जागचं हलत नाही." वाचून हसू आलं, कारण पोटाच्या बाबतीत मीही असाच फसलोय. तुम्हा पोरांना तीस वर्षं मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, आणि स्वतः शिट्टी तोंडात धरून कडुनिंबाखाली उभा राहिलो. तुम्हाला ते दिसत होतं, फक्त कुणी बोलला नाहीत.

पँटचा नंबर मात्र ३४. लग्नात ३२ होता, निवृत्तीला ३४, म्हणजे फार काही बिघडलेलं नाही, असा माझा हिशोब. मग एकदा नवी पँट शिवायला गेलो. शिंप्यानं टेप पोटाला लावली, थांबला, आणि मुकाट्यानं चार बोटं खाली सरकवली. "सर, पट्टा वर घेणार की खालीच?" तेव्हा उजेड पडला. नंबर फारसा वाढला नव्हता, कारण पँट दरवर्षी थोडी खाली उतरत होती. वर खरा घेर निघाला ९९ सेंटीमीटर.

म्हणून आधी शिंप्याची टेप आण, वजनकाटा नंतर. सकाळी चहाच्याही आधी, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धर, श्वास सहज सोड, पोट आत ओढू नकोस (तिथं बघायला कुणी नसतं), आणि आकडा लिहून ठेव. आपल्याकडच्या पुरुषांना मर्यादा ९० सेंटीमीटर, बायकांना ८०. युरोपातल्या पुरुषाला ९४ पर्यंत सूट आहे, आपल्याला नाही.

हा दुजाभाव का, याचं उत्तर शोधण्यात आपल्या पुण्याचाच मोठा वाटा आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला तेवढेच, आतून दुपटीहून जास्त. याज्ञिकांच्याच गटानं पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायकांचा आणि बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं हाडा-मांसात कमी पडतात, चरबीत तितकीशी कमी पडत नाहीत. म्हणजे तू हातापायांनी काडी आणि मधे माठ असा दिसतोस, त्यात तुझ्या आळसाखेरीज आणखीही काही आहे. हे तुला सूट द्यायला सांगत नाही. वजन ठीक आहे म्हणून तू निवांत बसशील, ते बसू नकोस म्हणून सांगतो. तुझ्या वडिलांना डायबेटिस आहे ना? मग एकदा उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि रक्तदाब तपासून घे, आणि मगच पुढचं वाच.

आता क्रंचेस. गादीखालची फळी घासून चकचकीत केली म्हणून गादी पातळ होते का? पोटाचा स्नायू म्हणजे ती फळी. चरबी वितळते ती रक्तावाटे, अंगभरातून, आणि आधी कुठली जायची हे तुझा वंश आणि तुझे हार्मोन ठरवतात. कुठला स्नायू दमला याच्याशी तिला देणंघेणं नाही. दुसरं असं, की पोटात चरबी दोन जागी असते. एक कातडीखाली, चिमटीत येते ती. दुसरी आत, यकृत-आतड्यांभोवती. चिमटीत न येणारी, टणक ढेरी होते ती. आतली जास्त घातक, पण सुदैवानं निघतेही आधी. चिमटीतली, विशेषतः बेंबीखालची, सगळ्यात शेवटी. त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांत आरसा काही सांगणार नाही, पट्ट्याचं भोक सांगेल. बहुतेक जण इथंच कंटाळून सोडून देतात.

खाण्याबद्दल मी तुला तक्ता देणार नाही. दोनदाच जेवा की दर दोन तासांनी खा, या वादात पुण्यातली निम्मी घरं फुटली आहेत. मी एकच केलं. तेलाच्या डब्यावर मार्करनं तारीख लिहिली. घरात माणसं दोन, आणि महिन्याला तेल लागलं चार लिटर! म्हणजे माणशी रोज साधारण ६५ मिलिलिटर, तेरा चमचे, सुमारे साडेपाचशे कॅलरी. आणि हे "आमच्याकडे साधंच जेवण असतं" या घरात. सौ. आधी रुसली, मग तिनंच फोडणीची पळी बाजूला ठेवून चहाचा चमचा घेतला. भाजीची चव गेली का? वांग्याची थोडी गेली, खोटं कशाला बोलू. पण डबा दोन लिटरवर आला, आणि मी काहीही सोडल्याशिवाय माझे रोजचे अडीचशे-पावणेतीनशे उष्मांक कमी झाले. किलोभर चरबीत साधारण ७,७०० असतात. गणित तुला मी काय शिकवायचं. तुम्ही बाहेर राहणारी मुलं, तुमचं तेल मेसच्या कढईत आणि डिलिव्हरीच्या डब्यात असतं, त्यावर तारीख कशी लिहिणार? म्हणून आठवड्यातले निदान चार दिवस स्वतः शिजवायला शीक. कुकर लावता येतो एवढं पुरे.

ताटात एकच उलटापालट कर. आपलं ताट म्हणजे पोळीबरोबर बटाटा आणि वर भात, वरण चवीपुरतं. भात निम्मा कर आणि त्या जागी मटकीची किंवा मुगाची उसळ घे, वाटीभर नव्हे, दोन वाट्या. अंडी चालत असतील तर दोन-तीन. प्रथिनं पुरेशी नसतील तर वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि मग तू बारीक पण पोट तसंच, अशी आणखी वाईट अवस्था होते.

तुझी खरी खिंड मात्र संध्याकाळ आहे. तू दिनक्रम लिहिलास, तो मी दोनदा वाचला. दुपारी एकला डबा, पाचला चहा-बिस्किटं, साडेसातला हिंजवडीतून निघायचं, वाकडच्या गर्दीत तासभर, उतरल्यावर वडापाव "कारण मरायची भूक लागते", आणि साडेदहाला पुन्हा पूर्ण जेवण. वडापाव सोड म्हणून उपदेश करणार नाही. त्या भुकेला कुणीच थांबत नाही. ती भूक साडेसहालाच मार. बॅगेत मूठभर फुटाणे, एक काकडी किंवा पेरू, जमलं तर ताकाची बाटली. बसमध्ये पोट शांत असलं की गाडीवाल्यासमोरून सरळ घरी जाता येतं. आणि रात्रीचं जेवण साडेनऊच्या आत उरक. शुक्रवारच्या बिअरबद्दल तू काही लिहिलं नाहीस, म्हणजे ती आहे. बिअर कमी आणि तिच्यासोबतचा चखणा त्याहून कमी.

उपवास करून पोट घटवीन म्हणशील तर एकादशीच्या साबुदाणा खिचडीकडे एकदा नीट बघ. तूप, दाणे, बटाटा! जिऱ्याचं पाणी, मध-लिंबू, घाम काढणारे पट्टे, यांवर एक ओळही खर्च करत नाही.

व्यायाम. आठवड्याला निदान दीडशे मिनिटं भरभर चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. तू सहकारनगरला राहतोस, पर्वती आणि तळजाई दोन्ही हाताशी. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. पहिल्या आठवड्यात एकदा चढून ये, मग दोनदा, महिन्यानं पाच फेऱ्या. उतरताना गुडघे सांभाळ. छातीत जड वाटलं तर तिथंच बस आणि मग थेट डॉक्टर. याखेरीज आठवड्यातून दोन दिवस ताकदीचं काम हवंच. जिमचे पैसे नसतील तर पेठेतल्या तालमींनी शिकवलेलं आहेच, बैठका आणि जोर. मांड्या आणि पाठ हे मोठे स्नायू, त्यांना राबव. दहा-दहाच्या तीन फेऱ्यांपासून सुरुवात कर. क्रंचेस हवे तर मार, पण शेवटी आणि हौस म्हणून.

आणि झोप. अमेरिकेचे कॉल रात्री एकपर्यंत चालले की दुसऱ्या दिवशी गोड आणि तळकट जास्तच खावंसं वाटतं, हे तुलाही कळलं असेल. साहेबाशी बोलून आठवड्यातले दोन कॉल तरी हलव.

माझे ९९ चे ९१ व्हायला चौदा महिने लागले. तुझं वय कमी, तुला लवकर जमेल, पण महिन्याला सेंटीमीटरभर उतरला तरी मी त्याला चांगलंच म्हणेन. मधे गणपती येतील, मोदक येतील. खा. दुसऱ्या दिवशी मोजू नकोस. महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजायचं, बाकी टेप कपाटात.

सिंहगडाचं राहिलंच. "दर रविवारी गड करतो तरी पोट तसंच" असं तू मोठ्या तक्रारीनं लिहिलंयस. आतकरवाडीतून चढ साधारण सहाशे मीटरचा. तुझ्या ऐंशी किलोला त्यात सुमारे पाचशे उष्मांक लागतात. वर पोचल्यावर कांदाभजी, पिठलं, दोन भाकऱ्या आणि मडक्यातलं दही. आणि उतरल्यावर खडकवासल्याला लोणी चोपडलेलं कणीस. गड तू चढलास, पण पोटही तुझ्याबरोबर चढलं आणि खाली येताना थोडं वाढूनच आलं.

तर येत्या रविवारी सव्वासहाला पायथ्याशी ये. काकड्या मी आणतो. वर भजी घेऊ, दोघांत एक प्लेट. पैसे तू दे.

तुझा,
सर