विचारा की सर! : नवा किडा, जुनी बरणी

मागच्या अंकात एका कोपऱ्यात चार ओळी छापल्या होत्या, की दक्षिण चिलीतल्या थंड फ्योर्डमधून समुद्री किड्याच्या नव्या जातीचं वर्णन झालंय. मला वाटलं कोण वाचतंय. तर सोलापुरातूनच तीन जणांनी विचारलंय, समुद्र इथनं कुठं न् कुठं, पण विचारलंय.

प्रश्न : सर नमस्कार, मी बी.एस्सी. थर्ड इयर झूलॉजीला आहे, पूर्व भागात राहते, पप्पा यंत्रमागावर आहेत. ते किड्याचं वाचलं. माझा डाऊट असा की हा नवीनच आहे हे त्यांना कळतं कसं? जगातले सगळे किडे बघून थोडीच झालेत कोणाचे. मैत्रीण म्हणली डीएनए टेस्ट केली की पाच मिनिटात कळतं, खरंय का? आणि आपल्याकडं समुद्रच नाही तर आपण इथं बसून असलं काही करू शकतो का नुसतं वाचून सोडून द्यायचं?

उत्तर : अगं, एका पत्रात तीन प्रश्न घातलेस, पण चांगले घातलेस.

आधी ओळख करून घे. फर्स्ट इयरला नेरीस या समुद्री किड्याची आकृती काढलीस ना, अंगाच्या प्रत्येक खंडाला म्हंजे कड्याला दोन्ही बाजूंनी वल्ह्यासारखे पाय आणि त्यात राठ केसांचे झुपके? त्याच खानदानातला हा. पॉलिकीट. आपलं गांडूळ आणि जळू यांचे हे समुद्रातले भाऊबंद, नाव दिलेल्या जातीच अकरा हजारांच्या वर आहेत. पेपरवाले याला अळी म्हणतात ते चूक, अळीचं पुढं फुलपाखरू नाहीतर भुंगा व्हायला पाहिजे, याचं काही होत नाही, हा असाच राहतो.

आता फ्योर्ड म्हंजे काय, तर हिमनदीनं कोरून काढलेली खोल दरी आणि नंतर तिच्यात समुद्र शिरलेला. चिलीचा नकाशा बघ, पोर्तो माँटच्या खाली म्हंजे साधारण ४१ अंश दक्षिणपासून पार केप हॉर्नपर्यंत किनारा नुसता फाटलेल्या धोतरासारखा चिंध्या चिंध्या झालाय. तिकडं पाऊस इतका, वर हिमनद्यांचं वितळलेलं पाणी, की वरचे काही मीटर पाणी मचूळ असतं आणि त्याच्या खाली थंड खारं पाणी. कोमाऊ नावाचा एक फ्योर्ड आहे, तिथं डेस्मोफायलम नावाचं पोवळं, जे एरवी खोल अंधाऱ्या समुद्रातलं, ते वीसेक मीटरवर पाणबुड्याला हातानं शिवता येईल इतकं वर आलेलं आहे. म्हणून अशा ठिकाणी नवीन काहीतरी निघणार हे ठरलेलंच.

पण निघणं आणि नवीन ठरणं यात फार अंतर आहे बघ.

तुझ्या पप्पांना एखादी चादर दाखव आणि सांग की हे डिझाईन एकदम नवीन आहे. ते काय करतील? आधी उलटी करून बघतील, धागे मोजतील, आणि मग म्हणतील, हे तर अमक्याच्या मागावर पंधरा वर्षांपूर्वी निघत होतं, यानं फक्त काठ बदललाय. किंवा म्हणतील, हां, हे नाही बघितलं आपण. नवीन म्हणायचा हक्क त्यालाच, ज्यानं जुनं सगळं बघितलंय. किड्यांचंही सेम. मॅजेलनच्या सामुद्रधुनीकडचे किडे माणसं दीडशे-पावणेदोनशे वर्षं गोळा करतायत. स्वीडनचं युजिनी नावाचं जहाज १८५१ ते ५३ जगाची फेरी मारून आलं, त्यावरच्या किनबर्गनं तिकडच्या किड्यांना नावं दिली. मग १८९७ मध्ये एलर्सनं हॅम्बुर्गच्या मोहिमेतल्या पॉलिकीटांवर अख्खं पुस्तक लिहिलं, जर्मनमध्ये. मग १९४८-४९ ला स्वीडनच्या लुंड विद्यापीठाची चिली मोहीम. आज कुणाला तिथं किडा सापडला तर त्याला हे सगळं उपसावं लागतं, त्यात एखाद्या किड्याचं वर्णन लॅटिनमध्ये तीन ओळींचं असतं, की अंग लांबट, डोळे चार, संपलं. तीन ओळीत काय कपाळ कळणार. मग ज्या संग्रहालयात तो मूळ किडा बरणीत पडलाय तिथं जायचं नाहीतर त्यांना विनंती करून मागवायचा.

आणि गंमत इथंच आहे. पुष्कळदा नवी जात समुद्रात सापडत नाही, जुन्या नावाखाली सापडते.

कॅपिटेला कॅपिटाटा हे नाव ऐक. ऑटो फॅब्रिशियस नावाचे मिशनरी ग्रीनलंडला राहून आले आणि १७८० मध्ये त्यांनी याचं वर्णन केलं. गांडुळासारखा लालसर बारीक किडा, घाण गाळात राहणारा. पुढं जगात कुठंही घाण गाळात लालसर बारीक किडा मिळाला की लोक तेच नाव लिहून मोकळे. अमेरिका, युरोप, दक्षिण गोलार्ध, सगळीकडं तोच. मग १९७६ मध्ये ग्रासल या शास्त्रज्ञ नवराबायकोनं अमेरिकेत एन्झाइम तपासून दाखवलं की हे एकच नाहीत, निदान सहा जाती आहेत, दिसायला जवळजवळ सारख्या. बरं, ओळखल्या म्हणून नावं मिळाली का? नाही. त्यातली पहिली नुसती 'स्पीशीज वन' म्हणून लॅबमध्ये वाढत राहिली, तिच्यावर ढीगभर संशोधन झालं, आणि कॅपिटेला टेलेटा हे नाव मिळालं २००९ मध्ये. तेहेतीस वर्षं! इतकी वर्षं आपल्याकडं कुणाचं बारसं लांबलं असतं तर आत्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. त्याच साली ब्लेक यांनी पश्चिम ग्रीनलंडचे नमुने घेऊन मूळ कॅपिटाटाचं परत नीट वर्णन केलं, कारण आधी मूळचा तो कोण हे पक्कं असल्याशिवाय बाकीचे वेगळे म्हणता येत नाहीत.

आता तुझ्या मैत्रिणीच्या पाच मिनिटांबद्दल. डीएनए लागतोच आजकाल, मायटोकाँड्रियातला सीओआय नावाचा जीन वाचतात आणि जुळवून बघतात. पण कशाशी जुळवणार? शंभर वर्षांपूर्वीचा किडा फॉर्मॅलिनमधून काढून ठेवलेला असेल तर त्यातला डीएनए बहुतेक वेळा वाचण्याच्या लायकीचा राहिलेला नसतो. म्हणून मग जिथनं तो पहिल्यांदा मिळाला त्याच जागी परत जायचं, ताजा किडा आणायचा, तो जुन्या वर्णनाशी जुळतोय हे मायक्रोस्कोपखाली ठरवायचं, मग त्याचा डीएनए. म्हंजे फिरून परत केस मोजण्यावरच आलो.

केस मोजणं काय असतं ते सांगतो. दोन सेंटिमीटरचा किडा, त्याला ऐंशी-नव्वद खंड, प्रत्येक खंडाला दोन बाजूंना दोन दोन झुपके. त्यातला एक केस उपटून काचेवर ठेवला की दिसतं, टोक साधं आहे का आकडीचं, आकडी असेल तर तिच्यावर दात किती, वर पातळ टोपी आहे का नाही. आणि ही आकडी सातव्या खंडापासून सुरू होते का आठव्या, यावर जात बदलू शकते. शकते म्हणलं, बदलतेच असं नाही, कारण लहान किड्यात आठव्यापासून आणि मोठ्यात दहाव्यापासून असंही असतं, म्हणून एका किड्यावर नवीन जात जाहीर करणाऱ्याकडं सगळे जरा तिरकंच बघतात. लहानमोठे धरून मूठभर तरी पाहिजेत.

आणि खंड मोजायचे डोक्याकडून. हे मी का सांगतोय, तर एम.एस्सी.ला आमची टूर मालवणला गेली होती, पहाटेची ओहोटी, मी दगड उलटून उलटून डझनभर झकास किडे मिळवले आणि हुशारीनं डायरेक्ट फॉर्मॅलिनमध्ये टाकले. जिवंत. हे प्राणी घाबरले की स्वतःचेच तुकडे करतात. दोन मिनिटात बरणीत शेवयांचा चुरा. डोकं कुणाचं, शेपूट कुणाची, काही पत्ता नाही. आधी समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम क्लोराईड घालून त्यांना सुस्त करायचं असतं, मग फॉर्मॅलिन, मग धुवून सत्तर टक्के अल्कोहोल, आणि डीएनएसाठी एखादा तुकडा आधीच वेगळा काढून पंच्याण्णव टक्क्यात. वर आणखी शहाणपणा म्हंजे चिठ्ठी मी फाउंटन पेननं लिहून बरणीत टाकली होती, सोलापूरला येईस्तोवर पाणी निळं आणि चिठ्ठी कोरी. पेन्सिलनं लिहायचं असतं, जाड कागदावर, आणि चिठ्ठी बरणीच्या आतच टाकायची, बाहेर चिकटवलेली गळून पडते. जागा आणि तारीख नसलेला किडा म्हंजे नुसता किडा, त्याचं काहीच करता येत नाही.

हे सगळं जमलं की मग कागदोपत्री काम. किड्यांपैकी एक निवडायचा, तो होलोटाइप. त्या नावाचा कायमचा मालक तो एकटा, उद्या भांडण झालं तर त्यालाच बाहेर काढून बघणार. १९९९ नंतर प्राण्यांच्या नावांसाठी नियमच आहे की होलोटाइपसारखा मूळ नमुना ठरवल्याशिवाय आणि तो कुठं ठेवणार हे सांगितल्याशिवाय नवीन नाव धरलंच जात नाही. वर्णन, आकृत्या, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो, जवळच्या जातींपासून हा कशात वेगळा ते, आणि नुसतं ऑनलाइन छापणार असशील तर २०१२ पासून झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन रजिस्टरात नोंद पण लागते.

राहिलं आपलं सोलापूर. समुद्र नाही तर नाही. जुनी पुस्तकं आता बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर स्कॅन करून फुकट ठेवलीत, मी सकाळी चहा पिताना मोबाईलवर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं जर्मन उघडतो आणि ट्रान्सलेटला घालतो, अर्धं कळतं, आकृत्या पूर्ण कळतात. समुद्री जातींच्या नावांचं रजिस्टर वर्म्स म्हणून आहे, ते पण फुकट. आणि हात चालवायचाच असेल तर गांडुळं घे की. पावसाळ्यात हिप्परग्याच्या तलावाकडच्या शेतात बांधाच्या ओल्या मातीत बघ, त्यांनाही केस असतात, फक्त थोडे, बोट उलटं फिरवलं तर खरखर लागते. एक गांडूळ नीट, शेवटपर्यंत, नावापर्यंत ओळखून दाखव. वाटतं तितकं सोपं नाही, महिना जाईल. पण तो महिना तू जे शिकशील ते चिलीत बसलेला माणूस वेगळं काही शिकत नाही. आणि कॉलेजातली जुनी बरण्यांची कपाटं उघडायला मिळाली तर सोडू नकोस, फक्त झाकण उघडताना तोंड लांब ठेव.

प्रश्न : सर, मी दुकानदार माणूस, शिकलेला कमी. पण एका किड्यासाठी जहाज न्यायचं, मशिनी लावायच्या, एवढा खर्च करून मिळतं काय? खाता येतो का?

उत्तर : अण्णा, खाता येतात, काही. सामोआ बेटांवर पालोलो नावाचा किडा वर्षातून ठरावीक रात्री वर येतो आणि लोक जाळ्या घेऊन उभे असतात, तव्यावर परतून खातात. आपल्याला कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरी.

पण तुमचा प्रश्न खर्चाचा आहे. चिली हा शेतीतल्या सॅल्मन माशात नॉर्वेच्या खालोखाल दोन नंबरचा देश, आणि ती जाळ्यांची शेती याच फ्योर्डमध्ये चालते. माशांना टाकलेलं खाद्य आणि त्यांची घाण खाली तळाला बसते. ती किती साठली आणि तळ मेला का जिवंत आहे हे बघायला गाळ काढून अर्ध्या-एक मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात आणि किडे मोजतात. घाण वाढली की बाकीचे गायब आणि मघाशी सांगितला तो कॅपिटेला भरमसाट. म्हंजे हे किडे तिथले तपासनीस आहेत. ॲक्वेरियमच्या दुकानात माशांना खायला लाल केसासारखे ट्युबिफेक्स मिळतात ना, ते गोड्या पाण्यातल्या घाणीत असंच काम करतात. आता तपासनीसाचं नावच चुकीचं लिहिलेलं असेल, किंवा एका नावाखाली सहा जण हजेरी लावत असतील, त्यातला एक घाण सोसणारा आणि दुसरा न सोसणारा, तर तुमचा रिपोर्ट काय कामाचा? तुमच्या दुकानात सहा गिऱ्हाईकांची उधारी एकाच नावावर मांडली तर वसुली कुणाकडून करणार, तसं आहे हे.

प्रश्न : मला किडा सापडला तर त्याला माझ्या आजीचं नाव देता येईल का? तिचं नाव नागम्मा आहे. (श्रेया, इयत्ता ७ वी)

उत्तर : येतं की बाळा. नावाचे दोन भाग असतात, ही पद्धत लिनियसची, प्राण्यांसाठी १७५८ पासूनची नावं धरतात. पहिला भाग घराण्याचा, तो तुला बहुतेक तयारच मिळेल. दुसरा तू द्यायचा. माणसाचं नाव द्यायचं तर पुरुषाला शेवटी 'आय' (i) लावतात आणि बाईला 'एई' (ae), म्हंजे तुझ्या आजीचं होईल नागम्माई, ऐकायला तर किती छान आहे. गावाचं द्यायचं असेल तर सोलापुरेन्सिस. स्वतःचं नाव मात्र देऊ नकोस, नियमात बंदी नाही पण लोक हसतात.

फक्त एक कर, आजीला आधी विचार. किड्याला तिचं नाव दिलेलं तिला चालणारे का ते, आणि तो गाळात राहतो हे सांगूनच विचार.